शिवून ठेवलेल्या नावांचा भाव

वाचकाचं पत्र, थोडक्यात: इचलकरंजीचे एक वाचक लिहितात. वय ३६, एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेबाचं काम. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, ते सहा वर्षांपूर्वी बंद झालं. व्हॉइस डॉट कॉम हे नाव कोट्यवधी डॉलरला विकलं गेल्याचं वाचून त्यांनी गेल्या तीन वर्षांत १४० डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, पुन्हा विकण्यासाठी घेतली. जवळपास सगळी डॉट कॉम आहेत. बहुतेक 'ब्रँडेबल' प्रकारची, म्हणजे शब्दकोशात नसलेली पण कानाला कंपनीचं नाव वाटावीत अशी. तीसेक मराठी शब्दांवरून घडवलेली, तीन नावांत नामवंत कंपन्यांची नावं गुंफलेली. मूल्यांकनाच्या एका मोफत साधनावर सगळ्यांची बेरीज १ कोटी ३० लाखांच्या पुढे जाते, पण आजवर एकही विकलं गेलेलं नाही. गेल्या वर्षी एका नावाला ६० हजारांची ऑफर आली होती. साधन ४ लाख २० हजार दाखवत होतं, म्हणून त्यांनी ती नाकारली. आता वर्षाच्या रिन्यूअलला, म्हणजे नावं आणखी एक वर्ष आपल्याकडे ठेवायला, १ लाख ८२ हजार लागणार आहेत. त्यासाठी मुदत ठेव मोडायची का, यावरून घरात बोलणं बंद आहे. पत्नी म्हणते, "कोटीचा माल आहे ना, मग एक तरी विकून दाखवा." त्यातच परदेशातून ईमेल आलं आहे की एका नावाचे १४ हजार डॉलर द्यायची तयारी आहे, फक्त आधी एका ठरावीक साइटवरून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र घ्या. त्यांचा प्रश्न: या नावांची खरी किंमत ओळखायची कशी? आणि ठेव मोडू का?

उत्तर:

नमस्कार,

आधी त्या ईमेलबद्दल सांगते, कारण त्यात तुमचे पैसे आजच जाऊ शकतात. प्रमाणपत्रासाठी एक रुपयाही भरू नका. ही फसवणूक या धंद्यात फार जुनी आहे. समोरचा घसघशीत आकडा सांगतो, घासाघीस करत नाही, आणि मग म्हणतो की माझ्या भागीदाराला अमुक ठिकाणचंच मूल्यांकन लागतं. ते ठिकाण त्याचंच किंवा त्याच्या साथीदाराचं असतं. तुम्ही फी भरलीत की तो गायब होतो. खरा खरेदीदार तुमच्याकडे प्रमाणपत्र मागत नाही. त्याला नाव हवं असतं आणि आपले पैसे बुडू नयेत एवढी काळजी असते, म्हणून तो एस्क्रोचं विचारतो, म्हणजे नाव हाती येईपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे ठेवायचे. तुम्ही उलट एवढंच कळवा, "व्यवहार एस्क्रोमधून करू, एस्क्रो सेवा मी निवडतो." त्यावर बहुधा उत्तर येणार नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. "खरी किंमत ओळखायची कशी" असं विचारताना तुम्ही धरून चालला आहात की किंमत नावाच्या आतच आहे, फक्त मोजायची राहिली आहे. सोन्याच्या बाबतीत ते खरं आहे. वळं घेऊन सराफाकडे गेलात तर तो वजन करील, घट धरील आणि त्या दिवसाच्या भावाने पैसे मोजील. नाही पटलं तर कोल्हापूरच्या गुजरीत जाल, फार फरक पडणार नाही. घडवलेल्या नावाला असा रोजचा भाव नसतो. ते शिवून तयार ठेवलेल्या सदऱ्यासारखं असतं. कापड चांगलं, शिलाई चांगली, तरी त्या मापाचा माणूस दुकानात यावा लागतो, आणि त्याला तोच रंग आवडावा लागतो. आला तर मनासारखे पैसे मिळतात. नाही आला तर सदरा वर्षानुवर्षं फडताळात राहतो, आणि इथे त्या फडताळाचं भाडं दर वर्षी भरावं लागतं. दुकानात लहानाचे मोठे झालात, तेव्हा पडून राहिलेला माल काय असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नावांच्या बाबतीत ते डोळ्यांआड झालं, कारण नाव मळत नाही, विरत नाही, त्याला कसर लागत नाही.

ते मोफत साधन काय करतं, हेही पाहा. ते नावाचे तुकडे पाडतं, अक्षरं मोजतं आणि पूर्वी विकल्या गेलेल्या तशाच नावांशी ताडून आकडा काढतं. नावात इंग्रजीतले रोजचे शब्द असतील तर त्या आकड्याला थोडाफार अर्थ असतो. तुम्ही स्वतः घडवलेल्या शब्दाला मात्र जोडच नसते, मग साधन ताडणार कशाशी? शिवाय नावांच्या विक्रीची नोंद ठेवणाऱ्या नेमबायोसारख्या साइटवर जाहीर झालेल्या विक्रीच दिसतात. जी नावं दहा वर्षं पडून राहिली आणि शेवटी सोडून दिली गेली, त्यांची नोंद तिथे नसते. लॉटरीच्या दुकानात जिंकलेल्यांचेच फोटो लावलेले असतात, तसं हे आहे. म्हणून १ कोटी ३० लाख हा आकडा मनातून काढून टाका. तो तुमच्या संपत्तीचा आकडा नाही, आणि घरातल्या भांडणाचं मूळ मला त्यातच दिसतं.

व्हॉइस डॉट कॉमची गोष्ट खरी आहे. २०१९ साली मायक्रोस्ट्रॅटेजी या कंपनीने ते ३ कोटी डॉलरला विकलं. पण 'व्हॉइस' हा इंग्रजी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडातला शब्द आहे. दूरसंचार, बातम्या, संगीत, गप्पांचं ॲप, कुठल्याही धंद्याला तो चालला असता. टेस्लाचं उदाहरणही वारंवार दिलं जातं. ती कंपनी आधी 'टेस्ला मोटर्स' या लांब पत्त्यावर होती, आणि आखूड पत्ता मिळवायला दहा वर्षांहून जास्त काळ आणि १ कोटी १० लाख डॉलर लागले, असं इलॉन मस्क यांनी पुढे सांगितलं. फेसबुकने आपल्या नावापुढचा 'द' काढून टाकण्यासाठी २००५ मध्ये २ लाख डॉलर मोजले. या दोघांचं नाव आधी ठरलेलं होतं, लोकांच्या तोंडी बसलं होतं, त्यामुळे दुसरं नाव घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. विकणाऱ्याच्या हातात जोर होता.

याच गोष्टींतून आणखी एक दिसतं, आणि तुमच्यासाठी ते जास्त महत्त्वाचं आहे. नेमका पत्ता मिळेपर्यंत यांच्यापैकी कुणाचंही अडलं नाही. ड्रॉपबॉक्सने सुरुवातीला पुढे 'गेट' लावून काम चालवलं. स्क्वेअरने मागे 'अप' जोडलं. झूमचा पत्ता कितीतरी वर्षं डॉट यूएस होता. मोठ्या कंपन्यांचंही असं भागतं, आणि तुमचा खरेदीदार तर त्याहून मोकळा आहे, कारण त्याने अजून नावच ठरवलेलं नाही. तुमचं नाव त्याच्या यादीतल्या वीस नावांपैकी एक असतं.

मी लहान उद्योगांना नावं शोधून देते, म्हणून हे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिलेलं आहे. चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या दोघी बहिणींच्या फराळाच्या धंद्यासाठी नाव शोधत होते. एक नाव दोघींना फार आवडलं. मालकाला विचारलं, तर त्याने चार लाख सांगितले. त्यांचं एका वर्षाचं पाकिटांचं आणि लेबलांचं बजेट तेवढं होतं. दोघी थोड्या हिरमुसल्या, चहा झाला, आणि यादीतल्या पाचव्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, हेही छानच आहे. ते मोकळं होतं, नोंदणीच्या पैशात मिळालं. आठ दिवसांनी त्या मालकाचा निरोप आला की दीड लाखात देतो. तोवर पाकिटं छपाईला गेली होती. त्याने नावाला किंमत लावली होती. बहिणींसमोर दुसरं काय मांडलेलं आहे, याचा विचार केला नव्हता.

म्हणून किंमत ठरवायला बसाल तेव्हा प्रत्येक नावासमोर दोन गोष्टी लिहा. हे नाव कोणत्या धंद्यातला, किती मोठा माणूस घेईल? आणि हे नाही मिळालं तर तो काय घेईल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "कुठलाही स्टार्टअप" असं येत असेल तर ते उत्तर नाही. "सौंदर्यप्रसाधनं विकणारी नवी कंपनी, गोड, दोन अक्षरी, मुलीच्या नावासारखं हवं असलेली" असं उत्तर आलं तर नावाला माप आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "अशीच आणखी पन्नास मोकळी आहेत" असं आलं, तर किंमत वर चढणार नाही, नाव कितीही सुरेख असो.

इथे एक भ्रम होतो, तो तुमच्या पत्रातही दिसतो. "झोमॅटो, झेरोधा यांना तरी सुरुवातीला कुठे अर्थ होता?" असं तुम्ही लिहिलंय. अगदी बरोबर. झोमॅटो २००८ मध्ये 'फूडीबे' म्हणून सुरू झाली आणि २०१० मध्ये तिने नाव बदललं. झेरोधा हा 'झीरो' आणि 'रोध' यांचा जोडशब्द, म्हणजे अडथळा नसलेलं. आज ही नावं वजनदार वाटतात. पण ते वजन पंधरा वर्षांच्या कामाने, जाहिरातींनी आणि कोट्यवधी ग्राहकांनी घातलेलं आहे. कंपनी उभी राहण्याआधी कुणी ही नावं विकायला काढली असती, तर त्यांना नोंदणीखर्चाच्या आसपासच भाव आला असता. तुमच्या नावांत तुम्हाला जी कंपनी दिसते, ती अजून कुणीतरी उभी करायची आहे.

तुमच्या मराठी नावांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्ही ती प्रेमाने घडवली आहेत. पत्ता रोमन लिपीत टाइप होतो, आणि मराठी शब्द रोमनमध्ये गेला की त्याला पाय फुटतात. 'वाट' हा साधा शब्द घ्या. व्ही लावायचा की डब्ल्यू? ए एक की दोन? चार रूपं इथेच झाली, आणि त्यातलं व्ही-ए-टी हे रूप वाचून व्यापाऱ्याला व्हॅट आठवेल. 'ज्ञ' असेल तर मराठी माणूस डी-एन-वाय लिहितो, हिंदी भाषक जी-वाय लिहितो. 'ळ' तर रोमनमध्ये उरतच नाही, 'कळी'ची 'कली' होते, कुणी 'काली' वाचतो. अशा नावाचा मालक आयुष्यभर फोनवर स्पेलिंग सांगत बसणार, आणि त्याचं गिऱ्हाईक चुकून दुसऱ्याच्या पत्त्यावर जाणार. पैसे मोजणारा हे पाहतो.

त्यासाठी एक परीक्षा घ्या, फुकट आहे. एखाद्या मावशीला फोन करून नाव एकदाच सांगा. तासाभराने तिला ते मोबाइलवर इंग्रजीत टाइप करून पाठवायला सांगा. मग कॉलेजातल्या पुतण्याला, मग मराठी न येणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला, असं पाच जणांना. पाचांपैकी चौघांनी तुमच्याकडे आहे तेच स्पेलिंग लिहिलं तर नाव ठेवण्यासारखं आहे. दोघांनीच लिहिलं तर ते नाव विक्रीसाठी नाही, त्याच्यावर तुमचं कितीही मन बसलेलं असो. 'सखी', 'माती', 'गोडी' अशा सरळ उच्चारांचे शब्द ही परीक्षा बरी पार करतात, पण ते फार पूर्वीच गेलेले असतात. डॉट भारत हा देवनागरी पत्ता २०१४ पासून मिळतो, तिथे हा घोळ नाही. तरी पुन्हा विकण्यासाठी तिकडे वळू नका, असंच मी सांगेन. तिथे स्वतःचं काम करायचं असेल तर जरूर घ्या.

कोणी आधी वापरून सोडलेलं नाव असेल तर वेबसाइटांची जुनी रूपं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर त्याचा भूतकाळ पाहा. जुगाराच्या किंवा बनावट औषधांच्या साइटसाठी वापरलेलं नाव चांगला खरेदीदार घेत नाही.

आता हिशेब, जो तुमचा रोजचा विषय आहे. या धंद्यातले अनुभवी लोक असं धरून चालतात की नीट निवडलेल्या नावांतलीही वर्षाला शंभरात एक-दोनच विकली जातात. तुमची १४० नावं शेकडा एकने विकली गेली तर वर्षाला १.४ नावं. सरासरी दीड लाखाला गेली असं उदार मनाने धरू. नावं विकून देणाऱ्या साइटचं कमिशन २५ टक्के गेलं की हातात १ लाख १२ हजार ५०० राहतात. म्हणजे वर्षाला सरासरी १ लाख ५७ हजार ५००, आणि रिन्यूअल १ लाख ८२ हजार. सगळं चांगलं घडलं तरी तोटा. पहिल्या वर्षाच्या सवलतीत नाव स्वस्त मिळतं, खरा दर रिन्यूअलला कळतो. डॉट कॉमचा घाऊक दरच सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला १०.२६ डॉलर झाला. त्यावर रजिस्ट्रारचा, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीचा, नफा आणि जीएसटी चढतो.

याउलट सगळ्यात चांगली २५ नावं ठेवलीत, आणि ती चांगली असल्यामुळे शेकडा दोनने जातील असं धरलं, तर दोन वर्षांत एक विक्री. वर्षाचं सरासरी उत्पन्न ५६ हजार २५०, खर्च ३२ हजार ५००. इथे धंदा सुरू होतो. तरीही दोन वर्षांत एकही नाव न विकलं जाण्याची शक्यता तीनात एकाहून थोडी जास्तच आहे, म्हणून हे पैसे घरखर्चातले नकोत.

त्या ६० हजारांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या १४० नावांच्या बाजारात आजवर खराखुरा बोलला गेलेला भाव तेवढा एकच आहे. साधनाचा आकडा कुणी देणार नव्हतं, हा माणूस देणार होता. पहिली ऑफर शेवटची नसते, त्यामुळे "९० हजार" असं उत्तर देऊन पाहणं रास्त होतं. सरळ नकार देणं मात्र नव्हतं. आज त्याला एक साधं ईमेल पाठवा. अजून गरज असेल तर त्याच भावात द्यायला तयार आहे, एवढंच. त्याने एव्हाना दुसरं नाव घेतलं असेल तर तो नाही म्हणेल, तरी विचारायला हरकत नाही.

नामवंत कंपन्यांची नावं गुंफलेल्या त्या तीन नावांबद्दल मात्र मी आग्रहाने सांगते. ती विकायला काढू नका, त्या कंपन्यांना ईमेलही करू नका, रिन्यू करू नका. १९९९ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफ या वेबसाइटच्या बाजूने निकाल दिला होता. समोरच्याने पत्त्यात केवळ 'रे'चं 'रा' केलं होतं. डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात २००४ मध्ये मान्य केलं. डॉट कॉमच्या तक्रारीत नाव वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं, दोन्ही सिद्ध करावं लागतं. डॉट इनच्या नियमात तर घेतलं 'किंवा' वापरलं, एवढं पुरतं. आणि ज्याचं चिन्ह आहे त्यालाच नाव विकू पाहणं हा वाईट हेतूचा पुरावा समजला जातो. बाकी ठेवणार असलेली नावंही भारत सरकारच्या ट्रेडमार्क शोधात एकदा टाकून पाहा.

ठेव मोडू नका. १४० नावांपैकी ११० तरी जाऊ द्यावी लागतील, याचं वाईट वाटणं साहजिक आहे. त्यांवर तुमच्या तीन वर्षांच्या रात्री गेल्या आहेत. मीही एक नाव नऊ वर्षं भरत राहिले होते, कारण ते मला सुचलं होतं. सोडून दिल्यावर महिने गेले, तरी ते कुणीही घेतलं नाही. त्यानंतर मी नाव आवडणं आणि नाव विकलं जाणं हे दोन वेगळे रकाने करायला शिकले. सोडलेलं नाव लगेच हातचं जात नाही, हेही लक्षात ठेवा. मुदत संपल्यावर बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दराने रिन्यू करू देतात. नंतर ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, आणि मग ५ दिवसांनी ते सगळ्यांसाठी मोकळं होतं. म्हणजे घाईत चूक झाली तरी सुधारायला थोडा वेळ आहे.

निवड एकट्याने करू नका. तुमच्या पत्नीने "एक तरी विकून दाखवा" म्हटलं, तो टोमणा म्हणून तुमच्या मनाला लागला. मला त्यात धंद्यातला नेमका प्रश्न दिसतो, बाजारात गिऱ्हाईक आहे का हा. १४० नावं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यासमोर ठेवा, किंमत न लिहिता. वाचायला सांगा. कुठे अडखळतात, कशाला हसतात, कुठे "याचं दुकान मी बघेन" म्हणतात, ते बघा. त्यांच्या आणि तुमच्या खुणा जिथे जुळतील ती २५ निवडा. प्रत्येकावर "विक्रीस आहे" असं साधं पान लावा, त्यावर नुसतं "संपर्क करा" न लिहिता किंमत लिहा, ५० हजार ते २ लाखांच्या दरम्यान. नवा उद्योजक किंमत विचारायला लाजतो, समोर दिसली तर निदान विचार करतो. पाच-सहा महिन्यांत चौकशीच आली नाही, तर किंमत खाली आणायची.

रिन्यूअलची पहिली खेप पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला आहे, असं तुम्ही लिहिलंय. रजिस्ट्रारच्या खात्यात आपोआप रिन्यू होण्याची सोय बहुतेक चालूच असते, आणि कार्डमधून पैसे न विचारता जातात. ती आज रात्रीच बंद करा, आणि येत्या रविवारी दुपारी कागद घेऊन दोघं बसा.